पंप कपाटात, मूल जिन्यावर : नाशिकमधील शाळाचालकांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहरातील खासगी व अनुदानित शाळांची संचालक मंडळे, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांचे पदाधिकारी

विषय : सर्दी-खोकल्याच्या साथी, दमा असलेली मुले आणि शाळांचे नियम

सन्माननीय महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात पालकांच्या हाती नियमांचे पत्रक पडले. माझ्या घरी आले तसेच ओळखीच्या इतर घरांतही वेगवेगळ्या शाळांचे आले. शब्द निरनिराळे असले तरी त्यांतील तीन नियम जवळपास सारखे आहेत. मूल आजारी असले तरी डॉक्टरांच्या दाखल्याशिवाय रजा धरली जाणार नाही, वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला चषक मिळेल आणि ज्या हाउसची हजेरी जास्त त्या हाउसला गुण मिळतील, हा पहिला नियम. कोणतेही औषध, त्यात इनहेलर, म्हणजे दम्याचा पंपही आला, दप्तरात ठेवायचे नाही, ते कार्यालयात जमा करायचे, हा दुसरा. सतत खोकणाऱ्या विद्यार्थ्याला इतरांपासून वेगळे बसवले जाईल, हा तिसरा. वरवर पाहता तिन्ही नियमांत शिस्त आणि काळजी दिसते. दमा असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र हे तिन्ही नियम अपायकारक आहेत, आणि तसे का, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र आहे.

माझ्या नातवाच्या शाळेला मी आधी लेखी अर्ज दिला होता. 'नियम सर्वांना सारखा' एवढे तोंडी उत्तर मिळाले. त्या एका शाळेला धारेवर धरण्यात मला रस नाही, म्हणून तिचे नाव लिहीत नाही. प्रश्न एका शाळेचा नाही, हे इतर पत्रके वाचल्यावर कळले, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

माझ्याविषयी थोडे. मी नाशिकमध्येच माध्यमिक शाळेत शास्त्र विषय शिकवून निवृत्त झाले. हजेरीपत्रक, पटसंख्या, तपासणी, पालकांच्या तक्रारी हे सारे मी टेबलाच्या तुमच्या बाजूने पाहिले आहे, त्यामुळे शाळेच्या अडचणी मला नव्याने समजावून सांगायला नकोत. माझा नातू चौथीत आहे आणि त्याला दमा आहे. त्याचे आईवडील दोघेही नोकरी करतात, त्यामुळे शाळेतून फोन आला की पायात चपला सरकवून निघते ती बहुधा मीच.

दमा म्हटले की आपल्याकडे धूळ, धूर, थंड हवा आणि फार तर दही-केळी एवढेच आठवते. तुमच्या पत्रकातही 'दमा असलेल्या विद्यार्थ्यांनी धुळीत खेळू नये' अशी एकच ओळ आहे. शाळकरी मुलांच्या बाबतीत ज्या कारणाचे नाव सर्वांत वर हवे, ते या यादीत नसतेच. ते कारण म्हणजे साधी सर्दी.

ब्रिटनमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी ९ ते ११ वर्षांच्या, म्हणजे नेमक्या चौथी ते सहावीच्या वयाच्या, १०८ मुलांचा वर्षाहून अधिक काळ पाठपुरावा केला. त्यांचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची छाती भरून आली, श्वासाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा घसरला, त्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत सुमारे ८० ते ८५ टक्के वेळा श्वसनमार्गाचा विषाणू सापडला. त्यांत सर्वाधिक होते ते सर्दीचे म्हणून ओळखले जाणारे ऱ्हायनोव्हायरस आणि त्याच कुळातले विषाणू. पुढे कॅनडातील अभ्यासकांनी रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा उन्हाळी सुट्टी संपून सप्टेंबरच्या प्रारंभी शाळा उघडल्या की दोन-तीन आठवड्यांत दम्यासाठी दाखल होणाऱ्या शालेय मुलांची संख्या वर्षातील उच्चांक गाठते, असे वर्षानुवर्षे दिसून आले. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पाऊसही त्याच सुमारास येतो, आणि पश्चिम भारतात फ्लूचा जोर पावसाळ्यातच असतो. म्हणजे आपण मुलांना एकत्र आणतो आणि पावसामुळे खिडक्या लावून घेतो, ते नेमके विषाणूंच्या हंगामातच. उलट बाजूचा पुरावाही आपण सर्वांनी पाहिला आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक देशांत दम्याने अत्यवस्थ होऊन रुग्णालयात येणारी मुले एकाएकी कमी झाली. शाळा बंद ठेवा असे सुचवण्याइतकी मी भाबडी नाही, पण वर्ग आणि दमा यांचे नाते धुळीपुरते आहे, हा समज आता सोडून द्यायला हवा.

सर्दी ही सर्दीच, मग एक मूल दोन दिवस नाक पुसून मोकळे होते आणि दुसऱ्याला मध्यरात्री वाफ द्यायला दवाखान्यात न्यावे लागते, असे का? ऱ्हायनोव्हायरस श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींत शिरून वाढतो. निरोगी मुलात या पेशी लगेच इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडतात, शेजारच्या पेशी सावध होतात आणि विषाणूची वाढ आटोक्यात राहते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दमा असलेल्या व्यक्तींच्या अस्तरपेशींना प्रयोगशाळेत ऱ्हायनोव्हायरसचा संसर्ग दिला गेला, तेव्हा त्या पेशींत इंटरफेरॉन-बीटा कमी तयार झाले आणि विषाणू अधिक वाढला. पुढच्या वर्षी इंटरफेरॉन-लॅम्डाबाबतही तसेच आढळले. ही उणीव प्रत्येक दमेकऱ्यात सारख्या प्रमाणात दिसत नाही, हेही नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले आहे, त्यामुळे सगळे उत्तर तिच्यात नाही.

उरलेले उत्तर दुसऱ्या बाजूला आहे. दुखावलेल्या अस्तरपेशी टीएसएलपी, आयएल-३३ आणि आयएल-२५ अशी इशारा देणारी रसायने सोडतात. ज्या मुलाची मुळातच ॲलर्जीकडे ओढ आहे, त्याच्या शरीरात या इशाऱ्याने आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ या आणखी तीन संदेशवाहक रसायनांची निर्मिती वाढते. आयएल-५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी होते, आयएल-१३ मुळे चिकट कफ वाढतो, आणि आयएल-४ ॲलर्जीच्या आयजीई प्रतिपिंडांना बळ देते. नळीची भिंत सुजते, भोवतीचे स्नायू आवळले जातात, आत कफ साचतो. चोर मागच्या दाराने घरात शिरावा आणि पहारेकऱ्यांनी पुढच्या अंगणात एकमेकांवरच लाठ्या चालवाव्यात, तसा हा प्रकार आहे. ऱ्हायनोव्हायरस स्वतः अस्तराची फारशी नासधूस करत नाही. मुलाला धाप लागते ती बव्हंशी त्याच्या स्वतःच्या शरीराच्या प्रतिसादामुळे.

या दोन्ही बाजू एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे एका औषधामुळे अधिक स्पष्ट झाले. आयजीईला जखडून ठेवणारे ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेतील शहरी वस्त्यांमधल्या दमेकरी मुलांना शाळा उघडण्याच्या काही आठवडे आधीपासून दिले गेले. शाळा सुरू झाल्यावरच्या हंगामातील त्यांचे झटके कमी झाले, आणि औषधाने ज्यांच्या पेशींचा इंटरफेरॉनचा प्रतिसाद सुधारला होता त्यांना झटके आणखी कमी आले, असे २०१५ च्या अहवालात नोंदले आहे. ॲलर्जीची बाजू शांत केली की विषाणूशी लढणारी बाजू सावरते, असा त्याचा अर्थ. हे इंजेक्शन महागडे आहे, ते सर्वांसाठी नाही. पण स्टेरॉइडचा रोजचा पंप नेमाने घेतल्यानेही ती सूज आटोक्यात राहते आणि झटके कमी होतात, आणि तो पंप आपल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो. म्हणूनच 'पंपाची सवय लागते', 'अमक्याला विचारा, त्याने पंप सोडला' असे सल्ले शिक्षकांनी पालकसभेत देऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता हजेरीच्या चषकाकडे येते. ऱ्हायनोव्हायरसचा सर्वाधिक प्रसार सर्दीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत होतो. नेमक्या त्याच दिवसांत, चषक हुकू नये आणि हाउसचे गुण जाऊ नयेत म्हणून, नाक गळणारे, अंगात कणकण असलेले मूल सकाळी तापाचे औषध पाजून रिक्षात बसवले जाते. ते मूल स्वतः कदाचित सहज निभावून नेईल. त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या माझ्या नातवासारख्या मुलाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती लगेच दिसत नाही, हे या आजाराचे कपट आहे. सोमवारी नाक वाहू लागते, बुधवारी मूल हसतखेळत दिसते, आणि त्याच रात्री छाती वाजायला लागते. सर्दी संपल्यावरही नळ्यांचा हळवेपणा कित्येक आठवडे टिकतो. त्या काळात थोडे धावणे, थंड वारा, परिपाठाच्या वेळी लावलेली उदबत्ती, एवढेही पुरते. चषक कुणाला मिळतो, याचाही एकदा विचार व्हावा. तो मिळतो निरोगी शरीराला. दमा, सिकलसेल किंवा फिट येण्याचा आजार असलेले मूल कितीही कष्टाळू असले तरी या स्पर्धेत पहिल्या दिवसापासून हरलेलेच असते, वर हाउसचे गुण त्याच्यामुळे गेले म्हणून सवंगड्यांची बोलणी खाते. मी शिकवत होते तेव्हाही हा चषक होता आणि तेव्हाही तो मला कधी पटला नव्हता.

दाखल्याच्या अटीविषयी एवढेच की, साध्या सर्दीसाठी दाखला आणायचा म्हणून पालक मुलाला गच्च भरलेल्या दवाखान्यात तासभर बसवतात. तिथे ते आणखी दोन विषाणू तरी घेऊन येते, किंवा देऊन येते. शिवाय दाखल्यासोबत पुष्कळदा अँटिबायोटिकची चिठ्ठीही येते. विषाणूवर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही, हे आपण आठवी-नववीच्या शास्त्राच्या तासाला शिकवतो.

दुसऱ्या नियमाविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण तो जिवाशी खेळणारा आहे. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मला शाळेतून फोन आला. मी पोहोचले तेव्हा नातू कार्यालयाकडे जाणाऱ्या जिन्यात बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले, आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खोबण आत ओढली जात होती. 'आजी, पंप' हे दोन शब्दही त्याने मध्ये थांबून उच्चारले. पंप वरच्या मजल्यावरच्या कपाटात होता, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे, ते लिपिक बँकेत गेले होते. शिपाईमामांनी दुसरी किल्ली शोधून काढली नसती तर काय झाले असते, याचा विचार मी करत नाही. पंप मिळाला तो नाव आणि तुकडी लिहिलेल्या पाकिटात, वर दोन स्टेपलच्या पिना मारलेल्या. स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची ती प्लॅस्टिकची नळी, त्यात नव्हतीच. 'मोठी आहे, कपाटात मावत नाही' म्हणून ती शाळेने आधीच घरी पाठवली होती. वर्गशिक्षिका माझ्या नातवाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांचा यात काही दोष नाही. दोष नियमाचा आहे.

आराम देणारा पंप, जो आपल्याकडे बहुधा निळ्या रंगाचा असतो, तो आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. झटका आला की मुलाला ताठ बसवायचे, आडवे करायचे नाही. स्पेसरमधून एका वेळी एकच फवारा द्यायचा, तो चार-पाच श्वासांत ओढू द्यायचा, मग पुढचा, असे दहा फवाऱ्यांपर्यंत देता येते. तेवढ्यानेही फरक पडला नाही, ओठ निळसर दिसू लागले किंवा मुलाला बोलता येईना, तर १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत फवारे चालू ठेवायचे. हे सारे शिकायला एक दुपार पुरते. चुकून दमा नसलेल्या मुलाने एखादा फवारा ओढलाच, तर फार तर थोडा वेळ हात थरथरतील आणि छाती धडधडेल. या भीतीपोटी ज्याला खरी गरज आहे त्याचा पंप कुलपात ठेवणे हा उफराटा न्याय आहे. इंग्लंडमधील शाळांना १ ऑक्टोबर २०१४ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीविना जादा पंप विकत घेऊन ठेवण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे, आणि आपण मुलाचा स्वतःचा पंप त्याच्यापासून दूर ठेवतो. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असे अंदाज सांगतात. वेळेवर औषध हाताशी नसणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

हे एखाद-दुसऱ्या मुलाचे प्रकरण आहे, असेही समजू नये. भारतातील अनेक शहरांत शाळकरी मुले आणि त्यांचे पालक यांच्यात झालेल्या मोठ्या पाहणीत, घरघर होणाऱ्या दर पाच जणांपैकी सुमारे चार जणांना दम्याचे निदान कधी झालेच नव्हते. तुमच्या वर्गात पंप असलेले एक मूल दिसते, तेव्हा पंप नसलेली, 'याला सारखी सर्दी होते' म्हणून सोडून दिलेली काही मुलेही तिथेच बसलेली असतात.

खोकणाऱ्या मुलाला वेगळे बसवण्याच्या तिसऱ्या नियमात विसंगती अशी की, ज्याला ताजा संसर्ग आहे ते मूल चषकासाठी वर्गात ठेवले जाते, आणि संसर्ग संपून गेल्यावर केवळ नळ्यांच्या सुजेमुळे महिनाभर खोकणारे मूल शेवटच्या बाकावर एकटे बसवले जाते. दमा लागट नाही. माझ्या नातवाला डबा खाताना कुणी शेजारी बसत नव्हते, हे त्याने घरी सांगितलेसुद्धा नाही. ते त्याच्या मित्राच्या आईकडून कळले.

एक युक्तिवाद मला प्रत्येक वेळी ऐकवला जातो, आणि तो चांगली शिकलेली माणसेही करतात : मुले थोडी आजारी पडली की त्यांची प्रतिकारशक्ती वाढते. यात किंचित तथ्य आहे, म्हणूनच तो फसवा आहे. गोठ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलांत दमा कमी आढळतो, हे युरोपातील शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसले आहे, आणि अमेरिकेतील, पारंपरिक पद्धतीने शेती करणाऱ्या आमिश समाजाच्या मुलांविषयी २०१६ मध्ये तसेच प्रसिद्ध झाले. पण ते संरक्षण मिळते लहानपणापासून भोवती असणाऱ्या नाना प्रकारच्या जिवाणूंच्या सहवासातून, वर्गात एकमेकांना दिलेल्या सर्दीतून नाही. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध फारशी कामी येत नाही, त्यावर लसही अद्याप नाही. त्यातला 'सी' हा गट, जो २००६ पर्यंत कुणाला ठाऊकही नव्हता, मुलांत विशेष त्रासदायक ठरतो. तो पेशीवरील सीडीएचआर-३ नावाच्या ज्या प्रथिनाला धरून आत शिरतो, त्या प्रथिनाच्या जनुकातील एक विशिष्ट बदल लहानपणीच्या तीव्र दम्याशी जोडलेला आढळला आहे. म्हणजे एकच सर्दी दोन मुलांना सारखी नसते, हे जन्मतःच काही प्रमाणात ठरलेले असते.

आणि विषाणू केवळ झटका आणतात, की मुळात दमाच रुजवतात? अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ॲलर्जी किंवा दम्याचा वारसा असलेल्या बालकांचा जन्मापासून पाठपुरावा करण्यात आला. पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसमुळे ज्यांची छाती वाजली, त्यांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता इतरांच्या जवळपास दहापट होती. आरएसव्ही या दुसऱ्या विषाणूच्या बाबतीत ती सुमारे अडीचपट होती. यावरून विषाणूच गुन्हेगार, असा निकाल देण्याची घाई मात्र करू नये. ज्याच्या नळ्या आधीच कमकुवत आहेत, त्याचीच छाती सर्दीने वाजते, अशीही शक्यता आहे. नेदरलँड्समध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आरएसव्हीविरोधी प्रतिपिंडे दिली, तेव्हा पहिल्या वर्षातील घरघर लक्षणीय कमी झाली, पण सहाव्या वर्षी त्यांच्या फुप्फुसांच्या क्षमतेत फरक दिसला नाही. हा वाद शास्त्रज्ञ सोडवतील. बालवाडी आणि नर्सरी चालवणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे की, तीन वर्षांखालील मुलाची वारंवार वाजणारी छाती ही 'वाढत्या वयात सगळ्यांचेच होते' म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही.

वर्गखोल्यांबद्दल. गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत नव्या शाळांच्या जाहिराती 'वातानुकूलित वर्ग' अशा असतात. भिंतीवरचा एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, आतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. चाळीस-पन्नास मुलांचा श्वास त्याच खोलीत घुमत राहतो, सोबत ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी आणि नर्सरीतल्या गालिच्यातली धूळ. मँचेस्टरमध्ये दम्याने दाखल झालेल्या मुलांच्या अभ्यासात असे दिसले की, ॲलर्जी, त्या ॲलर्जीच्या पदार्थाशी घरात येणारा संबंध आणि विषाणूचा संसर्ग या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दाखल व्हावे लागण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. एकेकाळी मुंबईची माणसे हवापालटासाठी देवळालीच्या सॅनिटोरियममध्ये येऊन राहत. त्याच हवेच्या गावात आपण मुलांना काचा बंद करून बसवतो आणि त्यासाठी जादा फीही घेतो.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना पैसा लागत नाही.

१. शंभर टक्के हजेरीचा चषक आणि हजेरीवरून मिळणारे हाउसचे गुण याच वर्षापासून बंद करावेत.

२. ताप, वाहते नाक आणि जोराचा खोकला असलेल्या मुलाला पहिले दोन-तीन दिवस पालकांच्या साध्या चिठ्ठीवर रजा द्यावी, आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्याची सोय वर्गातच करावी. त्यानंतर रेंगाळणारा खोकला असलेल्या मुलाला वेगळे बसवू नये.

३. आराम देणारा पंप आणि स्पेसर मुलाजवळच राहावा. पहिली-दुसरीच्या मुलांचा तो वर्गशिक्षिकेकडे, वर्गातच, कुलपाविना असावा. सहल, क्रीडादिन आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी तो सोबत आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी एका व्यक्तीला नेमून द्यावी.

४. प्रत्येक दमेकरी मुलाचा एक पानी कृती-आराखडा त्याच्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा : रोजचे औषध कोणते, झटक्याच्या वेळी किती फवारे, केव्हा १०८ बोलवायची, कोणाला फोन करायचा. शिक्षक, शिपाई आणि स्कूलव्हॅनच्या चालकांना झटका ओळखण्याचे व पंप देण्याचे प्रशिक्षण दरवर्षी जूनमध्ये, शाळा भरण्यापूर्वी, मिळावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे, त्या शहरात यासाठी डॉक्टर मिळत नाहीत, असे कुणी म्हणू नये.

५. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत २०१३ पासून दम्यासारख्या श्वसनविकाराचा समावेश आहे. अनुदानित शाळांनी या कार्यक्रमाचे तपासणी पथक येईल त्या दिवशी 'सारखी सर्दी होणारी' मुले आवर्जून दाखवावीत. खासगी शाळांनी आपल्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत उंची-वजन-दातांबरोबर रात्रीचा खोकला, धावल्यावर लागणारी धाप आणि घरघर हे तीन प्रश्न घालावेत.

६. एसी असो वा नसो, प्रत्येक तासानंतर खिडक्या उघडाव्यात, ओल धरलेल्या भिंती पावसाळ्यापूर्वी दुरुस्त कराव्यात, नर्सरीतले गालिचे काढावेत, आणि हात धुण्याच्या जागी साबण असावा, केवळ तपासणीच्या दिवशी नव्हे. दमा असलेल्या मुलांच्या पालकांना फ्लूच्या वार्षिक लसीची आठवण पावसाळ्याआधीच करून द्यावी.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी होणाऱ्या पालक-शिक्षक संघाच्या सभेत हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावे आणि प्रत्येक मागणीवर शाळेचा निर्णय लेखी कळवावा. एखादी मागणी मान्य होण्यासारखी नसेल, तर तिचे कारणही लिहावे. तिसऱ्या मागणीला मात्र सभेपर्यंत थांबण्याची गरज नाही. कपाटे उद्या सकाळी परिपाठापूर्वी उघडता येतील. प्रशिक्षणाच्या दिवशी स्पेसर कसा धरायचा हे दाखवायला कुणी हवे असेल, तर मी माझ्या घरचा स्पेसर घेऊन कोणत्याही शाळेत येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शास्त्र शिक्षिका आणि चौथीतल्या मुलाची आजी
नाशिक